काल चालणारं एसएसएच आज का अडतं? पुन्हा पुन्हा तुटणाऱ्या रिमोट जोडणीचा माग आणि कायमची दुरुस्ती

लिनक्स संगणकावर एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करू देणारी सेवा, बसवायला पाच-दहा मिनिटं पुरतात. खरा त्रास नंतर सुरू होतो. आठवडाभर जोडणी नीट चालते, मग रीबूट होतं, एखादा अपडेट येतो किंवा नुसतीच एक रात्र जाते, आणि सकाळी लॉगिन होत नाही. घाईत केलेला उपाय तेवढ्यापुरता लागू पडतो आणि पुढच्या रीबूटला तोच बिघाड परत हजर होतो. अशा परत येणाऱ्या बिघाडांमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: दुरुस्ती फक्त चालू यंत्रणेत झालेली असते, साठवलेल्या सेटिंगपर्यंत ती पोचलेलीच नसते. म्हणून प्रत्येक उपायानंतर एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे रीबूटनंतरही टिकेल का?

खाली आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. एसएसएचच्या सेटिंग फाइलीतल्या (सर्व्हरवर ती ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’) पर्यायांच्या नावांना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही.

हात लावण्याआधी

सर्व्हरवर एक सत्र उघडं असेल तर ते बंद करू नका. एसएसएच सेवा रीस्टार्ट केली तरी आधीची उघडी सत्रं तुटत नाहीत, त्यामुळे ते सत्र म्हणजे परतीचा दोर आहे. बदल करा, फाइल तपासा, सेवा रीस्टार्ट करा आणि नव्या खिडकीतून लॉगिन करून बघा. नवं लॉगिन झालं की मगच जुनं सत्र सोडा. फाइल तपासायची आज्ञा:

सुडो एसएसएचडी -टी

काहीच छापलं नाही तर फाइलीच्या मांडणीत चूक नाही. ‘/रन/एसएसएचडी’ फोल्डर नाही अशी तक्रार आली, तर सेवा त्या क्षणी सॉकेटमागे निजलेली आहे, म्हणजे जोडणी येईपर्यंत ती सुरूच होत नाही (हे पुढे येईल). ‘सुडो एमकेडीआयआर -पी /रन/एसएसएचडी’ चालवून पुन्हा तपासा.

फायरवॉलमध्ये बदल करताना आणखी एक काळजी घ्या. दूरच्या संगणकावर नियम चुकला तर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल. म्हणून आधी दहा मिनिटांचा गजर लावून ठेवा:

सुडो सिस्टमडी-रन --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=10मि यूएफडब्ल्यू डिसेबल

(‘10मि’ म्हणजे दहाच्या आकड्याला चिकटून लहान एम. ‘यूएफडब्ल्यू’ ही उबुंटूची फायरवॉल.) जोडणी तुटलीच तर दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल. सगळं ठीक असेल तर आज्ञेने छापलेल्या नावाचा टायमर ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने थांबवा. हे थांबवणं विसरलात तर संगणक फायरवॉलशिवाय उघडा राहील.

संदेश नीट वाचा

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) संगणकापर्यंत पोचलं आणि तिथून नकार आला. पत्ता बरोबर आहे, मात्र पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित दारावर; एसएसएचचा नेहमीचा क्रमांक २२) ऐकणारं कोणी नाही. याच संदेशाचं दुसरं रूप लोकांना फार फिरवतं. ‘फेल टू बॅन’ (वारंवार चुकणारे पत्ते रोखणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल आणि चुकीच्या पासवर्डांमुळे त्याने तुमचाच पत्ता रोखला असेल, तरीही त्याच्या नेहमीच्या मांडणीत ‘रिफ्यूज्ड’च दिसतं. मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांची बंदी लागते. म्हणजे ‘आपोआप बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथे घ्या. मोबाइलच्या नेटवर्कवरून लॉगिन होत असेल तर संशय पक्का. बंदी उठवण्यासाठी ‘सुडो फेल2बॅन-क्लायंट सेट एसएसएचडी अनबॅनआयपी’ आणि पुढे तुमचा पत्ता.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून काहीच उत्तर नाही. फायरवॉल पॅकेट गिळते आहे, राउटर ते पुढे पाठवत नाही, किंवा पत्ता चुकला आहे. उबुंटूची ‘यूएफडब्ल्यू’ मूळ धोरणाप्रमाणे आत येणारं पॅकेट निमूट टाकून देते, त्यामुळे तिच्यामागे हाच संदेश मिळतो.

‘नो रूट टू होस्ट’ वाचून लोक राउटर उलथापालथा करतात. फेडोरा आणि रेड हॅट वंशाच्या वितरणांत ‘फायरवॉलडी’ ही फायरवॉल नकार देताना जो संदेश पाठवते, तो तुमच्या बाजूला याच शब्दांत दिसतो. एकाच घरगुती नेटवर्कवर असताना हे दिसलं तर दोनच शक्यता उरतात: फायरवॉलडी नको म्हणते आहे, किंवा संगणक झोपला अथवा बंद पडला आहे.

‘परमिशन डिनाइड’ आलं तर नेटवर्कची चिंता सोडा. तुम्ही दारापर्यंत पोचला आहात. अडचण ओळख पटवण्याची आहे.

रीबूटनंतर जोडणी होत नाही

आधी संगणकाजवळ जाऊन ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ चालवा आणि पोर्ट २२ ऐकतो आहे का ते बघा. ऐकत नसेल तर सेवा फक्त सुरू केली गेली होती, बूटच्या यादीत घातली गेलीच नव्हती:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ एसएसएच

डेबियन आणि उबुंटूत सेवेचं नाव ‘एसएसएच’, तर फेडोरा, रेड हॅट, आर्च आणि ओपनसूसा यांच्यात ‘एसएसएचडी’. उबुंटू डेस्कटॉपवर सर्व्हरचं पॅकेज मुळात बसवलेलंच नसतं. ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ वेगळं घ्यावं लागतं.

उबुंटू २२.१० पासून मांडणी बदलली आहे. तिथे पोर्टवर ‘एसएसएच.सॉकेट’ कान देऊन असतं आणि पहिली जोडणी आल्यावर सेवा जागी होते. त्यामुळे ‘एसएसएच.सर्व्हिस’ मृत दिसली तरी तो बिघाड नाही. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएच.सॉकेट’ बघा. पोर्ट बदलूनही जुनाच चालू राहतो, ही तक्रार याच बदलातून येते. २४.०४ वर सेटिंग फाइलीत पोर्ट बदलल्यावर पुढच्या दोन आज्ञा लागतात:

सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट

सेवा यादीत आहे, तरी बूटच्या वेळी कोसळते आणि हाताने सुरू केली की चालते, असं असेल तर सेटिंग फाइलीत ‘लिसनअ‍ॅड्रेस’ शोधा. तिथे ठरावीक पत्ता लिहिलेला असतो आणि बूट होताना नेटवर्क कार्डाला तो अजून मिळालेला नसतो. लॉगमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ असं स्पष्ट छापलेलं सापडेल. ती ओळ काढून टाका आणि कोणी जोडावं याची मर्यादा फायरवॉलमध्ये घाला.

फायरवॉलडीचा नियम ‘--परमनंट’ शिवाय घातला तर तो रीबूटपर्यंतच जगतो. ‘--परमनंट’ सह घातला तर साठवला जातो, पण रीलोड करेपर्यंत लागू होत नाही. त्यामुळे दोन्ही पायऱ्या करा:

सुडो फायरवॉल-सीएमडी --परमनंट --अ‍ॅड-सर्व्हिस=एसएसएच
सुडो फायरवॉल-सीएमडी --रीलोड

रेड हॅट वंशात पोर्ट बदलला असेल तर एसई-लिनक्सलाही (फाइली आणि पोर्टांवर लेबलं लावून राखण करणारी सुरक्षा यंत्रणा) तो कळवावा लागतो. उदाहरणार्थ, ‘सुडो सीमॅनेज पोर्ट -ए -टी एसएसएच_पोर्ट_टी -पी टीसीपी २२२२’. आकडे रोमन लिपीतले घ्या. हे विसरलं तर सेवा पोर्ट धरूच शकत नाही.

वायफायवर चालणाऱ्या संगणकाची एक खोड सहज ध्यानात येत नाही. रीबूटनंतर कोणीतरी पडद्यासमोर बसून डेस्कटॉपवर लॉगिन करेपर्यंत एसएसएच होत नाही, आणि तपासायला गेलेला माणूस आधी लॉगिनच करतो, त्यामुळे बिघाड त्याच्या डोळ्यांसमोर नाहीसा होतो. वायफायची जोडणी एका वापरकर्त्याच्या नावावर साठवलेली असते आणि तिचा पासवर्ड त्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डांच्या कुलूपबंद साठ्यात) बंद असतो, म्हणून असं घडतं. नेटवर्क सेटिंगमध्ये ही जोडणी सर्व वापरकर्त्यांसाठी खुली करा आणि पासवर्डही सर्वांसाठी साठवण्याचा पर्याय निवडा. मग बूट होतानाच नेटवर्क उभं राहतं.

संपूर्ण डिस्क लक्सने (लिनक्समधली डिस्क कुलूपबंद करण्याची पद्धत) एन्क्रिप्ट केलेली असेल तर रीबूटनंतर संगणक सांकेतिक वाक्यासाठी थांबून राहतो. तिथे एसएसएच अजून जन्मलेलंच नसतं. दुरून उघडायचं असेल तर डेबियन-उबुंटूत ‘ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस’ पॅकेज आहे. त्याला वेगळा पोर्ट द्या, कारण त्याची होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी की) मुख्य यंत्रणेपेक्षा निराळी असते आणि एकाच पोर्टवर दोन्ही ठेवल्यास दर वेळी ओळख बदलल्याची धोक्याची सूचना येत राहील.

की असूनही पासवर्ड मागतो, किंवा ‘परमिशन डिनाइड’

की म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, आणि त्यातला बराचसा चुकीच्या बाजूला शोधण्यात. तुमच्या बाजूला ‘एसएसएच -व्ही’ लावून जोडलंत तर कोणती की पुढे केली आणि नाकारली गेली एवढं कळतं. नकाराचं कारण सर्व्हर हल्लेखोराला कळू नये म्हणून मुद्दाम सांगत नाही. ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलं जातं. सर्व्हरवर

सुडो जर्नलसीटीएल -एफ -यू एसएसएच

चालू ठेवा (जिथे सेवेचं नाव वेगळं तिथे ते घाला) आणि दुसरीकडून लॉगिनचा प्रयत्न करा. बहुतेकदा एका ओळीत उत्तर मिळतं.

‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ अशी ओळ आली तर परवानग्या सैल आहेत. एसएसएच फक्त कीची फाइल (‘ऑथराइज्ड_कीज’, जिच्यात आत घ्यायच्या की लिहिलेल्या असतात) तपासत नाही. तिच्यापासून होम फोल्डरपर्यंतची प्रत्येक पायरी बघतं. मालक तुम्ही किंवा रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) असला पाहिजे, आणि गटाला अथवा इतरांना लिहिण्याची परवानगी कुठेही नको. होमच्या परवानगीचा आकडा ७५५ असेल तर चालतं, ७७५ असेल तर नाही. ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० आणि ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइल ६०० ठेवा. सगळी साखळी एका नजरेत बघायला ‘नेमआय -एल’ आणि पुढे त्या फाइलीचा पूर्ण मार्ग द्या. हा दोष परत परत येत असेल तर एकदाची दुरुस्ती पुरणार नाही, तो कोण करतं ते शोधा: सर्व फोल्डरवर सरसकट परवानगी बदलणारी एखादी स्क्रिप्ट, दुसऱ्या संगणकावरून मालकाच्या क्रमांकासकट परत आणलेला बॅकअप, किंवा सुडो लावून तयार केलेला ‘.एसएसएच’ फोल्डर, ज्यात तुम्हाला स्वतःला डोकावताही येत नाही. ‘स्ट्रिक्टमोड्स नो’ लिहून तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. होम फोल्डरमध्ये दुसऱ्याला लिहिता आलं तर तो स्वतःची की आत सरकवू शकतो, आणि ही तपासणी नेमकी तेच अडवते.

परवानग्या बरोबर, तरी नकार, आणि वितरण रेड हॅट वंशाचं असेल तर एसई-लिनक्सची लेबलं बघा. दुसरीकडून हलवून आणलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते. ‘रिस्टोअरकॉन -आर -व्ही’ (यातला आर मोठा) पुढे ‘.एसएसएच’ फोल्डर देऊन चालवा. होम फोल्डर ‘/होम’ सोडून इतरत्र असतील तर आधी ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /होम’ आणि पुढे नवी जागा, अशी नोंद करा. नाहीतर पुढच्या पुनर्लेबलिंगला पुन्हा तेच.

पहिल्या लॉगिनला पासवर्ड, दुसऱ्याला मात्र की चालते? मग होम फोल्डर एन्क्रिप्टेड आहे. कोणी लॉगिन करेपर्यंत तो उघडतच नाही, आणि कीची फाइल त्याच्याच पोटात! सेटिंग फाइलीत ‘ऑथराइज्डकीजफाइल /ईटीसी/एसएसएच/कीज/%यू’ असं लिहून की होमबाहेर ठेवा. हा नवा फोल्डर आणि फाइल रूटच्या मालकीची, इतरांना फक्त वाचता येईल अशी.

‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ हा दोष तुमच्या बाजूचा. एजंटमध्ये (की हाताशी धरून ठेवणारा प्रोग्राम) सात-आठ की भरलेल्या असतात, क्लायंट (तुमच्या बाजूचा एसएसएच प्रोग्राम) त्या एकामागून एक पुढे करतो आणि बरोबर कीची पाळी येण्याआधीच सर्व्हरची मर्यादा संपते; मूळ मर्यादा ६ प्रयत्नांची आहे. तुमच्या ‘.एसएसएच/कॉन्फिग’मध्ये त्या होस्टखाली ‘आयडेंटिटीफाइल’ने नेमकी की सांगा आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा. आज एजंटमध्ये चार की, उद्या आठ, म्हणून हा दोष कधी दिसतो आणि कधी लपतो.

अपडेटनंतर जुनं क्लायंट नाकारलं गेलं आणि लॉगमध्ये ‘की टाइप एसएसएच-आरएसए नॉट इन पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स’ दिसलं, तर २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ मधला बदल कारण आहे. त्या आवृत्तीपासून एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेली डिजिटल सही मूळ सेटिंगमध्ये नाकारली जाते. आरएसए की स्वतः बाद झालेली नाही. नवं क्लायंट त्याच कीने एसएचए-२ ची सही करून आत येतं. म्हणून क्लायंट अद्ययावत करा किंवा ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ने नवी की काढा. सर्व्हरवर जुनी सही परत चालू करणं हा काही दिवसांचाच आडोसा समजा.

शेवटची साधी गोष्ट: की हाताने चिकटवली असेल तर ती एका ओळीत आहे ना? टर्मिनलच्या रुंदीवर तुटलेली की वाचता येते, पण चालत नाही. ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ वापरा म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

पासवर्ड बंद केला, तरी पासवर्डने लॉगिन होतं

हा दोष धोक्याचा आहे, कारण सगळं चालू असतं आणि कोणी तक्रार करत नाही. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलेलं असतं आणि बाहेरून पासवर्ड आजमावणारे बॉट तरीही दार ठोठावत राहतात.

एसएसएच एकाच पर्यायाच्या अनेक नोंदींपैकी पहिली धरतं. बऱ्याच प्रोग्रामांत शेवटची नोंद जिंकते, इथे उलट. आणि डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्या मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली आत ओढल्या जातात. म्हणजे तिथल्या फाइलीत ‘येस’ असेल तर तुम्ही खाली लिहिलेलं ‘नो’ वाचलंच जात नाही. क्लाउडवरच्या उबुंटूत ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ या नावाची फाइल हा घोळ घालते. ती हाताने दुरुस्त करण्यापेक्षा त्याच फोल्डरमध्ये ‘००’ ने सुरू होणारी स्वतःची फाइल ठेवा. नावाच्या क्रमाने ती आधी वाचली जाते. तिच्यात दोन ओळी लिहा:

पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरअ‍ॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो

दुसरी ओळ गाळली तर पॅम (लिनक्सची ओळख पटवणारी यंत्रणा) त्या वाटेने पासवर्ड विचारू शकतं. मग ‘सुडो एसएसएचडी -टी’ हीच आज्ञा या वेळी मोठ्या टीने चालवा. सगळ्या फाइली जोडून प्रत्यक्षात लागू झालेली मूल्यं ती छापते. फाइलीत काय लिहिलं आहे यापेक्षा इथे काय छापलं जातं त्यावर विश्वास ठेवा. आणखी एक सापळा: ‘मॅच’ने सुरू झालेला भाग (ठरावीक वापरकर्त्यांपुरत्या किंवा पत्त्यांपुरत्या सेटिंगचा) पुढच्या ‘मॅच’पर्यंत किंवा फाइलीच्या शेवटापर्यंत चालतो, रिकाम्या ओळीने तो संपत नाही. फाइलीच्या तळाशी भर घातली आणि वर ‘मॅच’ असेल, तर तुमची ओळ त्या एका गटापुरतीच लागू होते.

सत्र मध्येच गोठतं

कळ दाबली तरी काही उमटत नाही, आणि हे दर वेळी काही मिनिटं शांत बसल्यावरच होतं. वाटेतला राउटर शांत जोडणीची नोंद पुसून टाकतो. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०’ लिहा. मूळ मोजणी ३ असल्याने सर्व्हर खरंच गेला तर सुमारे ९० सेकंदांत कळतं. गोठलेली खिडकी बंद न करता सोडवायची असेल तर एंटर, मग टिल्ड चिन्ह आणि पूर्णविराम.

ठरावीक वेळाने पूर्ण संगणकच गायब होत असेल तर तो झोपतो आहे. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये झोप बंद केली तरी ग्नोम या डेस्कटॉपमध्ये लॉगिनच्या पडद्याची सेटिंग वेगळी असते, त्यामुळे रीबूटनंतर कोणी लॉगिन केलं नाही तर तो पुन्हा झोपतो. ‘सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट’ ने तो मार्गच बंद होतो.

बाहेरून कधीच लागत नाही, घरातून लागतं

राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटतो आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेली जोडणी राउटरने आतल्या संगणकाकडे वळवण्याचे) कितीही प्रयोग केले तरी पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येणारच नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा. घरातल्या संगणकाच्या बाजूला ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह = २५’ ठेवा, नाहीतर हाही बोगदा शांततेत मिटेल. बाहेरचा पत्ता खराखुरा सार्वजनिक असला तरीही वायरगार्डमागे एसएसएच ठेवणं आम्हाला अधिक पटतं. पोर्ट २२ जगासमोर उघडाच राहत नाही.

ओळख बदलल्याची सूचना

‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ दिसलं की लोक सवयीने आपल्या संगणकावर साठवलेली त्या सर्व्हरची जुनी नोंद पुसतात. आधी कारण सांगता आलं पाहिजे. यंत्रणा नव्याने बसवली, किंवा राउटरने तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला, ही दोन कारणं नेहमीची. दुसरं असेल तर राउटरमध्ये संगणकाच्या एमएसी पत्त्यासाठी कायमचा आयपी राखून ठेवा, म्हणजे ही सूचना परत येणार नाही. कारण सापडत नसेल तर संगणकासमोर बसून

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

चालवा आणि तिथला ठसा (कीची छोटी खूण) तुमच्या पडद्यावरच्या ठशाशी अक्षर न अक्षर ताडून बघा. जुळला तरच ‘एसएसएच-कीजेन -आर’ (मोठा आर) आणि पत्ता देऊन जुनी नोंद काढा. जुळला नाही तर त्या जोडणीवर पासवर्ड टाइप करू नका.